मालमत्ता कंपनीत कार्बनचं काम: सुरुवात मीटरपासून

कंपनीने उत्सर्जन शून्यावर आणण्याचं साल जाहीर केलेलं असतं आणि त्या कामासाठी तुम्ही नव्याने रुजू झालेले असता. पहिल्याच आठवड्यात जो तो सोलर पॅनेलबद्दल विचारेल. तुम्ही मात्र आधी इमारतींची यादी, भाडेकरार आणि दोन वर्षांची वीजबिलं मागून घ्या. हे आकडे कच्चे राहिले तर पुढचं सगळं काम वाळूवर उभं राहतं.

आधी हद्द ठरवा. जीएचजी प्रोटोकॉलप्रमाणे (उत्सर्जन मोजण्याची जगभर वापरली जाणारी नियमावली; ती उत्सर्जनाचे 'स्कोप' नावाचे तीन गट करते) इमारतीत जळणारं इंधन आणि एसीतून गळणारा वायू स्कोप १ मध्ये, विकत घेतलेली वीज स्कोप २ मध्ये, आणि सिमेंट-पोलादापासून भाडेकरूंच्या वापरापर्यंत बाकीचं बरंचसं स्कोप ३ मध्ये येतं. भाडेकरूच्या स्वतःच्या मीटरवरची वीज बहुतेक वेळा स्कोप ३ च्या तेराव्या प्रकारात (भाड्याने दिलेल्या मालमत्ता) जाते. मीटर कंपनीच्या नावावर असेल आणि वीज भाड्यातच धरलेली असेल, तर ती कुठे धरायची हे निवडलेल्या नियंत्रण-पद्धतीवर, म्हणजे इमारतीवर ताबा कुणाचा मानायचा या नियमावर, ठरतं. पद्धत कोणतीही घ्या, पण सगळ्या इमारतींना एकच लावा.

बिलांचे आकडे नोंदवताना दोन चुका हमखास होतात. बिल कधी २७ दिवसांचं असतं, कधी ३४. म्हणून महिन्यांची तुलना न करता रोजचा वापर काढा. दुसरी चूक सीटीच्या गुणकाची. सीटी म्हणजे मोठा विद्युतप्रवाह मीटरसाठी ठरावीक पटीने कमी करणारा करंट ट्रान्सफॉर्मर; मीटरच्या रीडिंगला त्याच पटीने गुणावं लागतं. ४००/५ चा सीटी असेल तर गुणक ८०. रीडिंगमधला फरक १,२५० असला तर खरा वापर १,००,००० युनिट. सब-मीटरचं (इमारतीतल्या एखाद्या भागाच्या वेगळ्या मीटरचं) रीडिंग हाताने उतरवताना हा गुणक राहून जातो आणि इमारत कागदावर फार काटकसरी दिसते. म्हणून प्रत्येक इमारतीचे दर चौरस मीटरमागे वर्षाचे युनिट काढा. क्षेत्रफळ चौरस फुटांत असेल तर १०.७६४ ने भागा. एखादा आकडा इतरांपेक्षा फारच कमी आला, तर कौतुक करण्याआधी मीटरचं पॅनेल उघडून बघा.

एसीतल्या शीतकारक वायूकडे नवखे लोक हटकून दुर्लक्ष करतात. आर-४१०ए या वायूचा तापमानवाढीचा गुणांक सुमारे २,०८८ आहे. म्हणजे १० किलो गळती जवळजवळ २१ टन कार्बन डायऑक्साइडइतकी. जनरेटरमध्ये साधारण ७,८०० लिटर डिझेल जाळल्यासारखी. हा आकडा कुठल्याही बिलावर दिसत नाही. देखभाल ठेकेदाराकडून प्रत्येक भरणीची किलोत नोंद घ्या, आणि तशी अटच कंत्राटात घाला.

मग दर पंधरा मिनिटांची वीजवापराची नोंद मागवा आणि पहाटे २ ते ४ चा भार बघा. रिकाम्या ऑफिसचा भार तेव्हाही दिवसाच्या निम्मा असेल, तर काहीतरी विनाकारण चालू आहे. एका रात्री तिथे जाऊन मजले फिरा. एएचयूच्या (थंड हवा मजल्यांवर खेळवणाऱ्या यंत्राच्या) पॅनेलवरचा स्विच 'ऑटो'ऐवजी 'हँड'वर सापडतो. कधीतरी रविवारच्या कार्यक्रमासाठी फिरवलेला, परत कुणी वळवलेलाच नसतो. ही बचत फुकटची आहे, म्हणून ती सगळ्यांत आधी.

पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला की त्याला लागणारी वीज जवळपास निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनात बदलते. तरीही व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) बसवून बचत न दिसण्याचे प्रकार खूप. डक्टमधल्या (हवेच्या नळीतल्या) दाबाचा सेटपॉइंट, म्हणजे ठरवून दिलेला आकडा, जुनाच राहिला तर ड्राइव्ह पंखा पूर्ण वेगानेच पळवतो.

आता सोलर. २० मजल्यांची इमारत, दर मजला १,००० चौरस मीटर. गच्चीचा निम्मा भाग टाक्या, कूलिंग टॉवर आणि सावलीत जातो. उरलेल्या ५०० चौरस मीटरवर फार तर १०० किलोवॅट बसतात. चांगल्या उन्हात त्यातून वर्षाला साधारण १,३०,००० युनिट मिळतात. इमारतीचा वापर चौरस मीटरमागे १५० युनिट धरला तर गरज ३० लाख. म्हणजे गच्ची भागवते ४ टक्क्यांच्या आसपास. जरूर बसवा, पण उरलेल्या विजेसाठी बाहेरच्या प्रकल्पाशी दीर्घ मुदतीचा खरेदी करार लागणारच, हे वरिष्ठांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा.

करारातली एक ओळ नीट वाचा: अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रं (वीज अक्षय स्रोतातून आल्याचे दाखले) कुणाकडे राहतात? एक प्रमाणपत्र साधारणपणे एका मेगावॅट-तासाचं (१,००० युनिटचं) असतं. ती विकली गेली तर गच्चीवर पॅनेल असूनही ती वीज अक्षय म्हणून आपल्या खात्यात धरता येत नाही. अहवालात स्कोप २ चे दोन्ही आकडे द्या: ग्रिडच्या सरासरीवरून काढलेला आणि खरेदी करारांवरून काढलेला. फक्त दुसराच छापला तर इमारतीत खरोखर किती वीज वाचली ते झाकलं जातं.

इमारत विकली की उत्सर्जन आपोआप उतरतं. ती कपात नव्हे. मोठी खरेदी-विक्री झाली की आधारवर्षाचा (ज्या वर्षाशी कपातीची तुलना होते त्याचा) आकडा नव्याने काढा. त्यासाठी प्रत्येक इमारतीचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. एकत्र बेरजेतून तो नंतर सोडवता येत नाही.