तुलूझची नोकरी आणि खांद्यावरचा कॅमेरा : बेळगावहून जाणाऱ्यांसाठी

उद्यमबागेतील मशीन शॉपमध्ये किंवा हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत काम करणाऱ्यांपैकी एखाद्याला दक्षिण फ्रान्समधील तुलूझ येथे काही महिने राहण्याची संधी मिळू शकते. एअरबसची मुख्य कचेरी आणि विमानजोडणीचे मोठे कारखाने याच शहरात व लगतच्या ब्लान्याकमध्ये आहेत. अशा मुक्कामात छायाचित्रणासाठी वेगळी रजा मिळत नाही, म्हणून कामाच्या दिवसातूनच त्यासाठी वेळ कसा काढायचा, हे आधी ठरवावे.

त्यासाठी सर्वप्रथम तेथील उजेडाचे वेळापत्रक समजून घ्यावे. बेळगावात जून आणि डिसेंबरच्या सूर्यास्तांत जेमतेम तासाभराचा फरक असतो. तुलूझ बरेच उत्तरेला, साधारण 43.6 अंशांवर असल्यामुळे, आणि उन्हाळ्यात तेथील घड्याळे तासभर पुढे करत असल्यामुळे, जूनअखेरीस सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो, तर डिसेंबरात सायंकाळी साडेपाचच्या आतच. म्हणजे उन्हाळ्यात कामावरून घरी यावे, जेवून घ्यावे आणि आठच्या सुमारास निवांत बाहेर पडावे. तिरप्या उन्हाचा दीड तास हाती असतो. हिवाळ्यात मात्र कचेरी सुटेपर्यंत अंधारून आलेले असते. तरीही निराश होण्याचे कारण नाही, कारण डिसेंबरात भर दुपारीदेखील सूर्य क्षितिजापासून सुमारे 23 अंशच वर येतो आणि माणसाची सावली त्याच्या उंचीच्या दुपटीहून लांब पडते. आपल्याकडे दुपारी बाराला कॅमेरा पिशवीत ठेवण्याची सवय असते. तेथे हिवाळ्यात नेमका तोच काढावा.

जेवणाची सुट्टी मात्र सगळीच्या सगळी कॅमेऱ्याला देऊ नये. काही अपवाद वगळता, कर्मचाऱ्यांना कामाच्या जागीच जेवू देण्यास फ्रान्सच्या कामगार कायद्याची मनाई आहे. त्यामुळे मशीनशेजारी किंवा टेबलावर डबा उघडण्याची आपली पद्धत तेथे चालत नाही, सर्वजण उठून उपाहारगृहात एकत्र बसतात. निदान सुरुवातीचे काही आठवडे त्यांच्यासोबत जेवावे. शहरातील कोणती गल्ली कधी पाहावी, हे सहकाऱ्यांकडूनच कळते. कारखान्याच्या आवारात लेखी परवानगीशिवाय मोबाईलचाही कॅमेरा वापरू नये, हे वेगळे सांगायला नको.

तुलूझला गुलाबी शहर म्हणतात ते तेथील भाजलेल्या विटांमुळे. खानापूरच्या कौलांचा रंग डोळ्यांसमोर आणा आणि त्यात थोडे दूध घाला, म्हणजे त्या छटेची कल्पना येईल. कॅमेऱ्याचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार रंग जुळवून घेणारी सोय, हा उबदार रंग चूक समजून पुसून टाकतो आणि भिंत फिकट, निर्जीव दिसू लागते. म्हणून व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर पक्का करावा आणि एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, किंचित कमी ठेवावे. मोबाईल असेल तर विटेवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करावे. सराव करायचा झाल्यास गारोन नदीच्या डाव्या तीरावरील प्रेरी दे फिल्त्र या हिरवळीवर सायंकाळी उभे राहावे : 1544 ते 1632 या काळात बांधलेला पाँ नफ हा पूल आणि पलीकडच्या काठावरील विटांच्या इमारती यांवर पश्चिमेचे ऊन थेट पडते. पलीकडे दोराद घाटावर जाऊन मागे वळून पाहिले, तर त्याच उन्हात डाव्या तीरावरील ला ग्राव्ह चॅपेलचा घुमट काळ्या आकृतीसारखा दिसतो.

माणसांची छायाचित्रे घेताना अधिक जपावे लागते. खडे बाजारात भाजीवालीसमोर कॅमेरा धरला तर ती फार तर हसेल किंवा ‘कशाला ओ?’ म्हणेल, पण फ्रान्समध्ये दिवाणी संहितेचे नववे कलम खासगी जीवनाचे रक्षण करते आणि स्वतःच्या छबीवरील हक्कही न्यायालये त्याच आधारे मानतात. व्हिक्टर ह्यूगो मंडईत म्हणूनच आधी ‘बाँजूर’ म्हणावे, काहीतरी विकत घ्यावे आणि मग विचारावे. तेथे अभिवादनाशिवाय बोलणे सुरू करणे उद्धटपणाचे समजतात, मग हातात कॅमेरा असो वा नसो. सोमवारी ही मंडई बंद असते.

रविवारी बहुतेक दुकाने बंद असल्यामुळे तो दिवस रेल्वेला द्यावा. तुलूझच्या मातबियो स्थानकावरून कारकासोन हे जुने तटबंदीचे शहर तासाभराच्या अंतरावर आहे. तटबंदीच्या आत गर्दी फार असते आणि माझ्या मते तेथे दोन तास घालवण्यापेक्षा ओद नदीवरील जुन्या पुलावर सायंकाळची वाट पाहणे बरे. पूल किल्ल्याच्या पश्चिमेला असल्याने मावळतीचे ऊन बुरुजांवर समोरून पडते. परतीची शेवटची गाडी आधीच पाहून ठेवावी. दूर जायचे नसेल तर शहरातूनच जाणारा, पिएर-पॉल रिके यांनी सतराव्या शतकात काम सुरू केलेला कनाल द्यु मिदी हा कालवा आहेच. त्याच्या काठाने सायकलवरून कामाला जाणारी माणसे हा सोमवार ते शुक्रवार मिळणारा विषय आहे.

आग्नेयेकडून ओतां नावाचा वारा सुटला की हलकी तिवई उभी राहत नाही. अशा दिवशी तिच्या मधल्या दांड्याला पिशवी टांगावी किंवा सरळ पुलाच्या कठड्यावर कोपर टेकून शटरचा वेग वाढवावा. विमानातून उतरताच कॅमेऱ्याचे घड्याळही बदलावे : उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे.