मार्चचा पाला जुलैसाठी: हॉस्टेल मेसच्या ओल्या कचऱ्याचं कॅम्पसवरच खत

कॉलेजातले खतप्रकल्प ओल्या कचऱ्यामुळे बंद पडत नाहीत, वाळका पाला नसल्यामुळे पडतात. फेब्रुवारी ते एप्रिल कडुलिंब, पिंपळ, सोनमोहोर, सागाची पानं रोज ढिगाने पडतात. तेव्हा ती झाडून कंपाउंडच्या कोपऱ्यात पेटवली जातात. जूनमध्ये हॉस्टेल भरतं, मेस सुरू होते, पाऊस लागतो आणि कचऱ्यात मिसळायला कोरडं काही उरलेलं नसतं. पंधरवड्यात टाकीला वास सुटतो, तक्रार रेक्टरपर्यंत जाते आणि सगळं पुन्हा घंटागाडीत. म्हणून हे काम जूनमध्ये नाही, फेब्रुवारीत सुरू करायचं.

पाला पेटवणं कायद्यातही बसत नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशात उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर २५,००० रुपये भरपाई सांगितली आहे. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवाराच्या संस्थांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायची जबाबदारी टाकली.

आधी वजन, मग बांधकाम

मेसचा कचरा सलग सात दिवस तोला. रविवारची फीस्ट त्यात आलीच पाहिजे. अंदाजावर टाकी बांधली की ती एकतर अर्धी रिकामी राहते, नाहीतर आठवड्यात वाहते. इथले सगळे आकडे दिवसाला ४० किलो ओला कचरा धरून आहेत. तुमचा जास्त असेल तर त्या पटीत वाढवा.

दहा किलो ओल्या कचऱ्याला साधारण चार किलो वाळका, चुरलेला पाला. घमेल्याने मोजायचं तर एकाला दोन. मेसच्या कचऱ्यात कर्ब-नत्राचं प्रमाण (एक भाग नत्राला, म्हणजे नायट्रोजनला, किती भाग कर्ब, म्हणजे कार्बन) १५ ते १८ च्या आसपास असतं आणि तीन चतुर्थांश पाणीच असतं. वाळक्या पानांत हेच प्रमाण पन्नासच्या घरात असतं, पाणी जेमतेम दहा टक्के. दहाला चार मिसळलं की कर्ब-नत्र २८ च्या जवळ येतं आणि ओलावा ५५ टक्क्यांवर. जिवाणूंना दोन्ही नेमकं हेच लागतं. म्हणजे ४० किलोला रोज १६ किलो पाला.

खताच्या रिकाम्या ५० किलोच्या पोत्यात चुरलेला पाला दहा-बारा किलो मावतो. रोज दीड पोतं धरा. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत १२० दिवस, म्हणजे १८० पोती. ही पोती पावसाआधी छपराखाली पडली नाहीत, तर पुढचं वाचून फारसा उपयोग नाही.

पाला साठवणं

झाडलोट करणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी एवढंच सांगा: पाल्यात वेफर्सची पाकिटं, पेनं, माती नको. मैदानावरचा आणि झाडांखालचा पाला वेगळा भरा, रस्त्याकडेचा वेगळा. रस्त्याकडच्या पाल्यात गुटख्याच्या पुड्या इतक्या असतात की निवडत बसायला माणूस मिळत नाही. सगळाच पाला उचलू नका. प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती तीन फुटांचं आळं पाल्याने झाकलेलं राहू द्या, उन्हाळ्यात पाणी वाचतं. फक्त पाला खोडाला चिकटवू नका.

अख्खी पानं मेसच्या कचऱ्यात एकमेकांना चिकटून थर धरतात आणि हवा अडते. सागाच्या पानाचा तर पत्राच होतो. कडबाकुट्टीत (चारा कापायच्या यंत्रात) नुसती पानं नीट ओढली जात नाहीत. जाड प्लास्टिकच्या ड्रममध्ये अर्ध्यापर्यंत पाला भरून त्यात गवत कापायचं नायलॉन दोरीचं यंत्र फिरवणं सगळ्यात सोपं. डोळ्यांवर चष्मा, नाकावर रुमाल हवाच. यंत्र नसेल तर दुपारच्या उन्हात पाला सिमेंटच्या रस्त्यावर पसरून तुडवा. एप्रिलच्या उन्हात वाळलेलं पान हातातसुद्धा कुस्करतं. चुरा झाला की जागा तिसऱ्या हिश्श्यावर येते.

१८० पोत्यांना बारा बाय बाराची कोरडी खोली पुरते. ती हॉस्टेलला, प्रयोगशाळेच्या गॅसला किंवा मीटरबोर्डाला लागून नको. एक ठिणगी पुरे. दाराशी पाण्याची दोन पिंपं भरलेली ठेवा. आणि पाल्याचा जुना ढीग हाताने उचलू नका. आधी काठीने हलवा, पायात गमबूट घाला. घोणस पाल्यात बसली की शेजारी उभं राहूनही दिसत नाही.

पाला कमी पडला तर उसाचं पाचट आहेच. सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात हंगामात ते फुकट मिळतं, उलट शेतकरी पेटवायच्या बेतात असतो. पाचट मात्र कुट्टीतून दोन इंची तुकडे करूनच वापरा, ते कुजायला पानांपेक्षा जास्त वेळ घेतं. रसवंतीचा चोथाही वाळवून चालतो. द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्या कुणी देऊ केल्या तरी नको म्हणा: काडी कठीण असते आणि फवारण्या किती झाल्या ते कळत नाही. प्लायवुडचा भुसाही नको.

कप्पे

बरेच जण थेट नाडेप टाकी बांधतात. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची ती पद्धत शेतासाठी उत्तम आहे: १० बाय ६ बाय ३ फुटांची टाकी एक-दोन दिवसांत गच्च भरायची, लिंपायची आणि तीन-चार महिने विसरायची. मेसचा कचरा रोज थोडाथोडा येतो. तो नाडेपमध्ये टाकत राहिलात तर तळचं कुजलेलं, वरचं ताजं, आणि उघडायचं कधी हेच ठरत नाही.

त्याऐवजी एका रांगेत पाच कप्पे करा. प्रत्येक कप्पा समोरून ५ फूट, आत ४ फूट खोल, उंची ४ फूट. नऊ इंची भिंती धरून रांग तीस फुटांच्या आसपास होते. पहिला आणि शेवटचा थर भरीव. मधल्या थरांत एकाआड एक, दर दोन विटांनंतर तीन इंचांची फट सोडा. समोर भिंत नको, लोखंडी खाचांत सरकणाऱ्या फळ्या बसवा. भिंत बांधली की माणसाला आत उतरून खत उपसावं लागतं, आणि मग ते काम कोणीच करत नाही. कचरा वाढला तर कप्पे वाढवा, उंची नाही. चार फुटांवर गेलं की तळचा भाग स्वतःच्या वजनाने दबतो आणि त्यातली हवा संपते.

सांगली-मिरज भागात काळी माती दोन फूट उकरून मुरूम भरल्याशिवाय पाया घेऊ नका. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि जाळीचं वीटकाम पहिल्याच वर्षी तडकतं. तळाला काँक्रीट, मागच्या बाजूला पन्नासाला एक असा उतार आणि नाली. वर पत्रा. नैर्ऋत्येकडून झड येते, म्हणून त्या बाजूला पत्रा दोन फूट बाहेर काढा. नदीकाठच्या सखल आवारात जोतं शेजारच्या रस्त्यापेक्षा वर घ्या. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्यांना कारण सांगायला नको.

मेसमध्ये

स्वयंपाकघरात दोन डबे: एकात देठं, सालं, चहाचा चोथा, दुसऱ्यात ताटातलं उष्टं. उष्ट्याची बादली तळाला भोकं पाडून दुसऱ्या बादलीत बसवा, म्हणजे आमटी, रस्सा आणि ताक खाली निथळतं. हे पाणी कप्प्यात गेलं की पाल्याचं गणित कोलमडतं. हाडं, मटणाचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, आंब्याच्या कोयी वेगळ्या. कुत्री आणि घुशी हाडांच्या वासानेच येतात. कागदी कपही नको, त्याला आतून प्लास्टिकचा थर असतो.

सगळ्यात जास्त त्रास देतं ते दुधाच्या पिशवीचं कापलेलं टोक. नखाएवढा तिकोनी तुकडा, भाजीच्या देठांत दिसत नाही, चाळणीतून निसटतो आणि तीन महिन्यांनी बागेत निळा-पांढरा चमकतो. आचाऱ्यांना पिशवी पूर्ण न कापता टोक लोंबतं ठेवायला सांगा. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचे रबरही असेच. त्यासाठी ओट्याशेजारी खिळा ठोका, रबर त्यावर अडकवायचे.

रोजचं काम

रिकाम्या कप्प्याच्या तळाला वीतभर जाड काटक्या, त्यावर वीतभर पाला. पहिल्या दिवशी घमेलंभर शेण आणि असेल तर जुनं खत. बाजारातलं कल्चर विकत घेऊ नका. शेणात आणि पाल्यावर जिवाणू पुरेसे असतात, आणि ओलावा-हवा चुकली तर महागडं कल्चरही काही करत नाही.

रोज कालच्या थरात मधोमध खळगा करायचा, कचरा ओतायचा, वर त्या दिवसाचा पाला टाकून दाताळ्याने कालवायचं. पोह्यांत फोडणी कालवतो तसं, एकेक थर रचून नव्हे. शेवटी तीन बोटं जाडीचा पाला पांघरायचा, एकही साल उघडी दिसता कामा नये. चाळीस किलोला एका माणसाला तासभर लागतो. ‘कमवा आणि शिका’तल्या मुलांच्या जोड्या लावता येतात, पण परीक्षेच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत कोण, हे वेळापत्रक लावतानाच ठरवा.

पंधरा दिवसांत कप्पा भरतो. वर चार इंच पाला टाकून बंद करा आणि पुढचा सुरू करा. पाचवा कायम रिकामा, तो उलटापालट करण्यासाठी. बंद केल्यावर आठवड्याने पहिल्यांदा उलटा, मग दर दहा दिवसांनी. बाहेरचं आत, आतलं बाहेर.

आत लोखंडी सळई खुपसून ठेवा. दहा मिनिटांनी काढून हातात धरवली नाही, तर आत ५५ अंशांच्या आसपास ऊब आहे. लांब दांड्याचा तापमापक मिळाला तर उत्तम. ५५ ते ६५ मध्ये गाजर गवताचं बी आणि रोगजंतू मरतात. ६५ च्या वर गेलं तर ठरल्या दिवसाची वाट न पाहता उलटा. बंद केल्यापासून ४५ दिवसांनी माल बाहेर काढून छपराखाली महिनाभर मुरू द्या. गांडुळं सोडायची तर आत्ता, त्याआधी नाही. नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) समिती येणार म्हणून ताज्या उष्ट्यावर सोडलेली गांडुळं उष्णतेने आणि मिठाने आठवडाभरात मरतात. समितीला दाखवायचंच असेल तर वही दाखवा: तारीख, किलो, पोती, तापमान, सही.

बिघडलं तर

सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे पाणी जास्त, हवा नाही: त्याच दिवशी उलटा आणि पाला घाला. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा वास म्हणजे नत्र जास्त: नुसता पाला वाढवा. ऊब येत नाही आणि मुंग्या झाल्या, तर ढीग कोरडा पडलाय. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये हेच होतं. उलटताना झारीने पाणी द्या. मूठभर माल दाबला की बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार आली तर जास्त, मूठ उघडताच भुगा झाला तर कमी. चिलटं झाली तर वरचं पांघरूण पातळ पडलंय. पांढरी राखेसारखी बुरशी दिसली तर काहीच करू नका, ते चांगलं लक्षण आहे.

नालीतून गळणारं काळं पाणी झाडांवर फवारायला कुणी सुचवलं तर ऐकू नका, ते पक्कं झालेलं नसतं. कोरड्या कप्प्यावरच परत ओता.

वळवाच्या पावसानंतर भुंगेरे उडतात आणि खताच्या ढिगात अंडी घालतात. चाळताना इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली जाड पांढरी अळी, म्हणजे हुमणी, दिसली तर वेचून काढा. हुमणीने पोखरलेला ऊस आजूबाजूला असताना असं खत कुणालाही देऊ नका.

चाळणं आणि वापरणं

बांधकामाची वाळूची चाळण तिरकी उभी करून खोऱ्याने माल फेका. वरचं जाड काटकं पुढच्या कप्प्याच्या तळाला जातं. ओला कचरा आणि पाला मिळून जे घातलं, त्याच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश खत हाती येतं. मूठभर ओलसर खत पिशवीत तीन दिवस बंद ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर तयार, आंबूस आला तर आणखी पंधरा दिवस. शंका असेल तर त्यात मेथीचे दहा दाणे पेरा. आठ तरी उगवले पाहिजेत.

शिजलेल्या अन्नाच्या खतात मीठ येतं, आणि कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींना ते नकोच असतं. वर्षातून दोनदा नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. क्षारता ४ डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या खाली हवी, खत नियंत्रण आदेशातली मर्यादा तीच आहे. वर गेली तर उष्टं आणखी निथळा आणि खत रोपवाटिकेत न वापरता मोठ्या झाडांना द्या: जूनमध्ये एकेका झाडाला पाच किलो, बुंध्यापासून दोन फूट लांब, मातीत कालवून. क्षारता मर्यादेत असेल तर रोपांच्या पिशव्यांना माती, वाळू आणि खत समान भाग.