निबंधाच्या तासाची तयारी: आधी मधलं, मग बाकीचं

पोळा झाला की लगेच पुढच्या आठवड्यात हे तास घ्यायचे, असं वेळापत्रकात आत्ताच लिहून टाका. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात आणि दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी लागली की वर्ग अर्धा रिकामा होतो. मधले हे दिवस हातचे घालवू नका. शिवाय तान्हा पोळा, म्हणजे मुलांनी लाकडी नंदी (बैल) सजवून मिरवायचा सण, नुकताच झालेला असतो, त्यामुळे प्रत्येकाकडे स्वतःचं सांगण्यासारखं काहीतरी असतं. विषय ‘माझा आवडता सण’ असा मोघम ठेवू नका. ‘यंदा नंदीचं काय झालं?’ एवढंच विचारा. ज्याच्याकडे नंदी नव्हता तो दुसऱ्याच्या मागे फिरलेला असतो, तेही लिहिण्याजोगंच आहे.

सामान थोडंच लागतं: पाठकोरे कागद (ऑफिसात गठ्ठा पडलेला असतो), कात्र्या, सुतळी, कपड्यांचे चिमटे, आठवडाभराचे जुने पेपर. ‘किशोर’चे जुने अंक कपाटात असतील तर धूळ झटकून काढा, बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतं आहे. गाईड मात्र त्या दिवशी दप्तरातच राहू द्या. ‘आपला भारत कृषिप्रधान देश आहे’ हे वाक्य तिथूनच येतं आणि बैलापासून पावसापर्यंत कुठेही जाऊन बसतं.

पहिल्या दिवशी सुरुवात मागूच नका. मुलांना जोडीनं बसवून आधी बोलू द्या. बोलताना ती थेट ‘मंग का झालं, गुरुजी’ म्हणत मुद्द्यावर येतात, पेन हातात आलं की मात्र पुस्तकी होतात. म्हणून बोलून झाल्यावर लगेच लिहायला लावा, घरी नेऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवसासाठी एक नमुना तुम्ही स्वतः तयार करून फळ्यावर लिहा. समजा, पहिलं वाक्य: ‘तान्हा पोळा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असतो.’ दुसरं: ‘या दिवशी मुले लाकडी नंदी सजवतात.’ तिसरं: ‘माझ्या नंदीचं एक चाक निघालं होतं, म्हणून मायनं शिलाईच्या दोऱ्याचं रिकामं रिळ लावून दिलं.’ आता पहिली दोन वाक्यं पुसा आणि काय बिघडलं ते विचारा. गावात कोणाला तान्हा पोळा समजावून सांगायचा आहे? मग मुलांनी आपापल्या कागदावरची वरची वाक्यं कात्रीनं कापायची, जिथं कान टवकारतील तिथं थांबायचं. कापलेले तुकडे फेकू नका. एखाद्याचं दुसरं वाक्य खाली, मध्येच कुठेतरी कामी येतं. पाचवीच्या खालच्या मुलांना कात्री नको, त्यांनी तळहातानं ओळ झाकली तरी भागतं.

शेवटासाठीही हीच युक्ती, पण इथं जास्त वेळ राखून ठेवा, कारण ‘म्हणून मला हा सण खूप खूप आवडतो’ सोडायला मुलं सहज तयार होत नाहीत. त्यांना वाटतं, निबंध बंद केल्याशिवाय मार्क मिळत नाहीत. तेव्हा असं विचारा: शेवटी तुझ्या हातात काय होतं? ‘बोजाऱ्याचे पैसे मोजले, पण रिळाचं चाक वाटेतच कुठंतरी पडलं’ (बोजारा म्हणजे नंदी घेऊन घरोघरी गेल्यावर मिळणारी खुशाली) इथं थांबलं तर पुढं काही सांगायची गरज उरत नाही. प्रत्येकाला असा शेवट सापडेलच असं नाही. ज्याचं पोट दुखलं आणि तो झोपला, त्याचं तेवढंच राहू द्या.

शीर्षक सगळ्यात शेवटी. पेपरातल्या बातम्यांची शीर्षकं आधी कापून ठेवा, नुसती बातमी वाचायला द्या आणि मुलांनी दिलेलं नाव मूळ शीर्षकाशेजारी लावा. आपल्या निबंधाचं नाव शेजाऱ्याच्या निबंधावर ठेवून पाहायचं. तिथंही बसलं तर ते बाद. ‘आमचा तान्हा पोळा’ सगळ्यांवर बसतं, ‘रिळाचं चाक’ एकावरच. हायस्कूलच्या मास्तरांना हे पटकन पटेल, कारण दहावीला कथालेखनात शीर्षक मुलांनाच द्यावं लागतं.

लाल पेन घरी ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ आठवड्यानंतर पाहता येईल, आणि संवादात ‘काऊन’, ‘बावा’ आलं तर तसंच ठेवा. सुतळी वर्गातच, मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर बांधा. निबंध लावताना शीर्षक वर दिसेल अशी घडी घाला, म्हणजे कोणता निबंध आधी उघडला जातो ते मुलांनाच कळेल.