क्लिनिकल ट्रायलची फाइल: ‘नंतर भरू’वाल्या या चुका टाळा

क्लिनिकल ट्रायलच्या (पेशंटवरच्या औषधचाचणीच्या) फायली तपासणारा मॉनिटर येणार असल्याचा मेल आला की आमच्या विभागात चहा वाढतो आणि निळे पेन कमी पडतात. मराठवाड्यातल्या एका रुग्णालयात मी रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. आमच्या फायली तपासणीत अडकतात त्या बहुतेक एकाच वाक्यापायी: ‘आधी पेशंट बघू, कागद नंतर भरू.’

एका फाइलमध्ये संमतीपत्रावर वेळ होती 10:15, आणि लॅबच्या रजिस्टरला त्याच बाईंचा नमुना 9:40 ला पोचलेला. रेसिडेंटने नेहमीच्या तपासण्यांबरोबर ट्रायलची ट्यूबही भरून घेतली होती, पुन्हा सुई टोचायला नको म्हणून. हेतू चांगला, पण ट्रायलसाठीचं काहीही संमतीआधी चालत नाही. अशा वेळी 10:15 चं 9:30 करायचा मोह होतो, आणि तोच महागात पडतो. चूक तशीच राहू द्या. काय झालं ते आजच्या तारखेने लिहा आणि डेव्हिएशन (ठरलेली पद्धत मोडल्याची नोंद) म्हणून स्पॉन्सरला (ट्रायल करवून घेणाऱ्याला) आणि एथिक्स कमिटीला (पेशंटचं हित बघणाऱ्या समितीला) कळवा. नुसता आकडा चुकला असेल तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. व्हाइटनरची बाटली मी विभागातून कधीच हद्दपार केली आहे.

वाचता न येणाऱ्या पेशंटसाठी निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि तो ट्रायलच्या टीममधला नको. आमच्याकडे ट्रायलच्या सिस्टरच सही करून मोकळ्या व्हायच्या. तांड्यावरून आलेल्या एका मावशींना मी विचारलं, “कागदात काय लिहिलंय, कुणी सांगितलं का?” त्या म्हणाल्या, “डॉक्टर म्हणले अंगठा लावा, लावला की.” साक्षीदाराची सही मात्र फॉर्मवर ठसठशीत होती. उर्दू वाचणाऱ्याच्या पुढेही मराठी फॉर्म सरकवू नका. भाषांतर एथिक्स कमिटीने मंजूर केलेलंच वापरा, आवृत्ती बघून. भरलेल्या फॉर्मची प्रत पेशंटला द्या आणि दिल्याची नोंद तिथेच करा.

ट्रायलमधला पेशंट ॲडमिट होणं, दगावणं अशा गंभीर प्रतिकूल घटनेचं घड्याळ कुणासाठी थांबत नाही. नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलच्या 2019 च्या नियमांप्रमाणे घटना घडल्यापासून 24 तासांत इन्व्हेस्टिगेटरने (ट्रायल बघणाऱ्या डॉक्टरने) केंद्रीय परवाना प्राधिकरण, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटी या तिघांना कळवायचं असतं, सविस्तर अहवाल 14 दिवसांत. रविवार, पोळा काही वजा होत नाही. पेशंट मोटरसायकलवरून पडून गावाकडच्या दवाखान्यात ॲडमिट होतो आणि ‘त्याचा औषधाशी काय संबंध’ म्हणून आम्हाला कुणी सांगतच नाही. ॲडमिट झाला की घटना गंभीर, संबंध आहे का ते पुढे ठरतं. म्हणून पहिल्याच दिवशी फोन नंबरचं कार्ड पेशंटला आणि घरच्यांनाही द्या. उशीर झालाच तर रिपोर्टसोबत खरं कारण लिहा.

ट्रायलचं औषध ठेवायच्या फ्रिजच्या नोंदवहीत रोज 9 वाजता 5.0 अंश, ओपीडी बंद असलेल्या रविवारीसुद्धा! मे महिन्यात लाइट गेल्यावर तापमान 2 ते 8 अंशांच्या बाहेर गेलं तर औषध फेकू नका, वापरूही नका. वेगळं ठेवा, चिठ्ठी लावा, स्पॉन्सरच्या लेखी उत्तराची वाट बघा.

पीजीच्या मुलांनो, थिसिसमध्ये पेशंटवर उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी ट्रायल-नोंदवहीतली नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी. 1 एप्रिल 2018 पासून ती मागाहून होत नाही. पैसे लागत नाहीत, मग घाई सबमिशनच्या आठवड्यातच का होते?

आमच्या भागाची खास अडचण वेगळी आहे. दसरा झाला की केज, धारूरकडची माणसं ऊसतोडीला जातात आणि बाराव्या आठवड्याची व्हिजिट कुठल्यातरी कारखान्याच्या फडात राहते. फोनवर ख्यालीखुशाली विचारून ‘व्हिजिट झाली, बीपी 130/80’ लिहिलेलं मी पाहिलंय. ही सरळ खोटी नोंद. पेशंट घेतानाच विचारा, “दिवाळीनंतर कुठं असाल?” प्रोटोकॉलमध्ये (ट्रायलच्या ठरलेल्या आराखड्यात) दिवस मागेपुढे करायची मुभा असेल तर ती वापरा. मुकादमाचा नंबर मिळतो, पण पेशंटने हो म्हटल्याशिवाय तो लावू नका, कारण आजाराची बातमी फडात पसरली तर त्याची उचल अडकू शकते.

मागच्या हंगामात एका पेशंटला फोन लावला तर तो म्हणाला, “मॅडम, पट्टा पडल्यावरच येतो आता.” (पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं.) सोर्स नोटमध्ये (पेशंटच्या मूळ नोंदीत) मी तेच शब्द लिहिले, फोनची वेळ टाकली आणि डेव्हिएशनचा फॉर्म काढला.