क्रोएशियाचं सरप्राइज किती लपवावं?
जोडीदाराला न सांगता क्रोएशियाच्या किनाऱ्यावर आठवडाभर न्यायचा बेत आहे? भारतीय पासपोर्ट असेल तर तो पुरता लपणार नाही. १ जानेवारी २०२३ पासून हा देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. व्हिसाच्या अर्जावर सही जोडीदाराचीच लागते, पहिलीच वेळ असेल तर बोटांचे ठसेही. तेव्हा देश सांगून टाका, गावं गुपित ठेवा: स्प्लिट, फेरीने ह्वार बेट, शेवटी दुब्रोव्निक. स्प्लिटहून दुब्रोव्निकला गाडीने जाताना २०२२ साली खुला झालेला पेल्येशाक पूल धरा. जुन्या रस्त्याने मध्येच शेंगेनबाहेरच्या बॉस्नियाची हद्द लागते आणि सिंगल एन्ट्री (एकदाच प्रवेश देणाऱ्या) व्हिसावर परत शिरताना पंचाईत होते. किनारे बहुतेक गोट्यांचे, पाण्यात सी अर्चिन हे काटेरी जीव. जोडीदाराच्या मापाचे पाण्यात घालायचे बूट गुपचूप बॅगेत टाका.