यीस्टच्या मोठ्या कॉलनी: सप्रेसर खरा की खोटा?
वायएमई१ जनुक काढलं की यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावरचं एक प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं विकर) जातं. मग मायटोकॉन्ड्रियल डीएनए घालवला, तर पेशी जेमतेम वाढतात. माझ्या इथिडियम ब्रोमाइडच्या (हा डीएनए घालवणारं रसायन) प्लेटवर मात्र टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांत मधूनच ठसठशीत कॉलनी यायच्या. सप्रेसर, म्हणजे दोष झाकणारा दुसऱ्या जनुकातला बदल, की मायटोकॉन्ड्रियल डीएनए शिल्लक राहिलाय? आधी ग्लिसरॉलवर लावून पाहिलं; तिथं वाढायला श्वसन, म्हणजे हा डीएनए लागतो, म्हणून वाढल्या त्या बाद. उरलेल्यांना डॅपी (डीएनए चमकवणारा रंग) लावलं, फक्त केंद्रक चमकलं. मग डीएनए शाबूत असलेल्या, पण वायएमई१ नसलेल्या स्ट्रेनशी संकर केला, चारही बीजाणू सुटे करून पुन्हा तीच चाचणी. दोन मोठ्या, दोन बारीक, म्हणजे एकच जनुक! सिक्वेन्सिंगमध्ये बदल एटीपी३ जनुकात सापडला; ते एफ१ एटीपेज या मायटोकॉन्ड्रियातल्या विकराचं गॅमा उपएकक बनवतं. श्वसन मात्र या बदलानं परत येत नाही, तेव्हा निवड ग्लुकोजवरच करा.