लायब्ररीसाठी व्हिडिओ सर्व्हिस निवडताना आधी हे बघा

अमेरिकेतल्या पब्लिक लायब्ररीत काम करणाऱ्या किंवा तिथल्या कमिटीवर असलेल्या आपल्या मंडळींसाठी. कॅनपी, हूपला या लायब्ररी कार्डावर लोकांना घरबसल्या सिनेमे दाखवणाऱ्या सर्व्हिस, यातलं काय घ्यायचं हे ठरवताना सगळे आधी सिनेमांची यादी बघत बसतात, पण खरी गोम बिलात असते, कारण यात बरेचदा वाचकाने सिनेमा लावला की लायब्ररीला पैसे पडतात.

समजा एका वेळचे 2 डॉलर धरले आणि 500 जणांनी महिन्याला 4 सिनेमे बघितले तर महिन्याचे 4,000 झाले, म्हणजे वर्षाला 48,000, आणि लोकांना आवडलं की आकडा वाढतच जातो. न्यूयॉर्क शहरातल्या तिन्ही पब्लिक लायब्ररी संस्थांनी 2019 मध्ये खर्चापायी कॅनपी बंद केलं होतं, म्हणून माणशी महिन्याची मर्यादा पहिल्याच दिवशी लावा, चालू केलेलं मागून कमी करायला गेलात की लोक दुखावतात आणि ते बरोबरच आहे.

ट्रायल घ्याल तेव्हा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नको, साध्या टीव्हीला रोकू (इंटरनेटवरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं छोटं यंत्र) लावून एखाद्या आजींच्या हातात रिमोट द्या, कार्ड नंबर आणि पिन टाकताना त्या कुठे अडतात ते शेजारी बसून बघा, सबटायटल सापडतात का तेही. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि हॉलमध्ये सगळ्यांना सिनेमा दाखवायचा असेल तर त्याचे हक्क वेगळे लागतात, घरगुती नेटफ्लिक्स अकाउंट तिथे चालत नाही.